भरली गाडी, कसाऱ्याचा चढ आणि गायब होणारा पिकअप

गाडी सरळ बंद पडली असती तर बरं झालं असतं. बंद गाडीतला बिघाड सापडतो. आमची गाडी, म्हणजे ट्रक, बंद पडत नव्हती. ती चढाला दम तोडायची, पिकअप म्हणजे ओढायची ताकदच जायची, दहा मिनिटं थांबलं की पुन्हा शहाण्यासारखी चालायची, आणि मिस्त्रीसमोर नेली की काहीच झालं नसल्याचा आव आणायची. नोव्हेंबर २०२३ ते फेब्रुवारी २०२४ असे तीन महिने यात गेले. मी मेकॅनिक नाही, एका गाडीचा मालक आहे आणि गरज पडली की स्टेअरिंगवर बसतो. दुसऱ्या कुणाची गाडी अशीच छळत असेल तर त्याचे चार पैसे आणि चार रात्री वाचाव्यात म्हणून हे लिहितोय.

गाडी दहा टायरची, २०१८ ची, बीएस-फोर, कॉमन रेल इंजिनाची, म्हणजे डिझेल फवारणाऱ्या सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून, रेलमधून, दाबाखाली डिझेल मिळणारी. मी २०२१ मध्ये सेकंडहँड घेतली. ड्रायव्हर म्हणजे आमचे मामा, आईच्या माहेरच्या भावकीतले. वय अठ्ठावन्न, त्यातली पस्तीस वर्षं गाडीवर. धंदा साधा: पिंपळगावहून कांदा भरून न्हावा शेवा बंदर नाहीतर वाशी मार्केट, आणि परतीला कळंबोलीच्या स्टील मार्केटमधून अँगल, चॅनल, पत्रा जे मिळेल ते नाशिक-सिन्नरला. जाताना भरली गाडी कसारा घाट उतरते, येताना लोखंड घेऊन चढते. म्हणजे खरी परीक्षा येतानाच.

२३ नोव्हेंबरला रात्री मामांचा फोन आला. "बाळा, गाडी ओढत नाही. पाय पार खाली दाबलाय, पण आरपीएम बाराशेच्या वर जाईना. इंजिनाचा पिवळा दिवा लागलाय." गाडीत पंधरा टन अँगल होता. मी म्हटलं बाजूला घ्या, बंद करा, टायरला दगड लावा. दहा मिनिटांनी स्टार्टर मारला तर गाडी तिसऱ्या गिअरमध्ये घाट चढून माथ्यावरच्या घाटनदेवीपर्यंत आली. दिवा मात्र लागलेलाच होता.

पहिला संशय डिझेल फिल्टरवर, तसा तो सगळ्यांचाच असतो. २६ तारखेला निफाडकडे गारपीट झाली. गावातले सगळे द्राक्षबागांकडे धावले आणि मी गॅरेजात फिल्टर बदलत होतो. डिझेलचे दोन्ही फिल्टर, एअर फिल्टर आणि मजुरी मिळून ४,१५० रुपये. वॉटर सेपरेटरचं बूच सोडलं तर कपभर पाणी निघालं. मिस्त्री म्हणाला, "हेच होतं." पुढच्या फेरीला गाडी मस्त चढली. मी निश्चिंत झालो. ती फेरी का चांगली गेली, याचं खरं कारण मला दोन महिन्यांनी कळलं.

८ डिसेंबरला कांद्याची निर्यातबंदी आली, न्हावा शेव्याची भाडी एका दिवसात थांबली आणि आम्ही वाशीच्या लोकल भाड्यांवर आलो. भाडं कमी, हप्ता मात्र तोच, महिन्याला ३८,४००. त्याच आठवड्यात घाटात पुन्हा दोनदा तसंच झालं.

मग आडगाव नाक्यावरच्या एका जुन्या मिस्त्रीने निदान केलं: टर्बो, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा ढकलणारा पंखा. त्याने टर्बोचा शाफ्ट हलवून पाहिला, तो ठीक होता. ती हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरच्या होजचा (रबरी नळीचा) एक क्लॅम्प मात्र सैल होता आणि होजला तेलाचा ओलावा होता. होज आणि दोन क्लॅम्प मिळून १,९००. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही, क्लॅम्प खरंच सैल होता. पण एक गोष्ट तेव्हा मला कुणी सांगितली नाही. इंजिनाला हवा कमी पडत असेल, म्हणजे टर्बो किंवा होज गळत असेल, तर पाय दाबल्यावर बहुतेक वेळा काळा धूर निघतो, कारण डिझेल जास्त आणि हवा कमी. धूर अजिबात नाही आणि तरी ओढ गेली, तर आधी डिझेलकडे बघायचं. मामा पहिल्या दिवसापासून सांगत होते, "धूर नाही मारत ती." मी ऐकत होतो, पण त्याचा अर्थ मला लागत नव्हता.

१८ डिसेंबरची रात्र सगळ्यात वाईट. तेव्हा मीही गाडीवर होतो. १७ ला संध्याकाळी कळंबोलीत माल भरला, पण वाराईवरून, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याच्या मजुरीवरून, वाद झाला, मग ठाण्याच्या हद्दीतली अवजड गाड्यांची बंदी उठायची वाट पाहिली आणि निघालो दुसऱ्या दिवशी. रात्री १०.४० ला घाटाच्या मध्यावर गाडीने दम तोडला. या वेळी थांबून सुरू केली तरी शंभर मीटरवर पुन्हा तेच. तीनदा प्रयत्न केला. मागून येणाऱ्या गाड्यांचे हॉर्न, डावीकडे कठडा, आणि मामा वळणाच्या खाली टॉर्च घेऊन उभे.

१०३३ ला, म्हणजे हायवेच्या हेल्पलाइनला, फोन लावला. चाळीस मिनिटांत पेट्रोलिंगची गाडी आली, त्यांनी मागे कोन लावले. त्यासाठी पैसे लागले नाहीत. तोवर आपला लाल त्रिकोण लांब, वळणाच्या आधी ठेवा, गाडीच्या बुडाशी ठेवून उपयोग नाही. आणि टायरला लावलेले दगड निघताना उचला. आपण निघून जातो आणि मागच्या मोटरसायकलवाल्याला ते अंधारात दिसत नाहीत.

त्यात मध्येच लक्षात आलं ते ई-वे बिलाचं, म्हणजे मालासोबत लागणाऱ्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदाचं. अंतर २०० किलोमीटरच्या आत, त्यामुळे मुदत एक दिवसाची. १७ ला बनवलेलं बिल १८ च्या मध्यरात्री संपणार आणि घड्याळात पावणेबारा. संपलेल्या बिलावर गाडी पकडली तर कराच्या दुप्पट दंडाचं कलम आहे, आणि सोळा टन लोखंडावरचा १८ टक्के कर म्हणजे किती, ते तिथे उभं राहून मोजायची माझी हिंमत झाली नाही. ट्रान्सपोर्ट ऑफिसच्या मुलाला झोपेतून उठवलं. तो शांतपणे म्हणाला, "दादा, संपायच्या आधीचे आठ तास आणि नंतरचे आठ तास मुदत वाढवता येते. घाबरू नका." त्याने कारणाच्या रकान्यात 'इतर' निवडून गाडी नादुरुस्त असं लिहिलं. मग विचारलं, गाडी आत्ता कुठे आहे, पिनकोड काय? कसाऱ्याचा पिनकोड मला माहीत नव्हता आणि घाटात रेंज येत-जात होती. पेट्रोलिंगवाल्या पोराने सांगितला. आपल्या नेहमीच्या रस्त्यावरच्या पाच-सहा गावांचे पिनकोड डायरीत लिहून ठेवा. माल दुसऱ्या गाडीत टाकावा लागला तर त्याच बिलाच्या भाग 'ब' मध्ये नवीन गाडीचा नंबर चढवायचा असतो, हेही त्याच रात्री कळलं. क्रेनवाल्याने १२,००० सांगितले. ती वेळ आली नाही. पहाटे तीनला गाडी आपोआप बरी झाली आणि आम्ही सकाळी सिन्नरला पोचलो.

दुसऱ्याच दिवशी गाडी कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला नेली. जॉबकार्ड, दोन दिवस रांग. स्कॅनर लावला तर जुन्या नोंदींत पी-००८७ हा कोड निघाला, म्हणजे रेलमधला डिझेलचा दाब कमी. चालू फॉल्ट एकही नाही. त्यांनी रिकामी गाडी हायवेला फिरवून आणली, छान चालली. छान चालणारच, रिकाम्या गाडीला डिझेल लागतं किती! तपासणीचे ३,०००, वर १८ टक्के जीएसटी, एकूण ३,५४०. आणि हातात एस्टिमेट: हाय प्रेशर पंप आणि सहा इंजेक्टर, १,८६,००० रुपये. मी म्हटलं, एवढं करून फॉल्ट जाईल याची खात्री? सुपरवायझर म्हणाला, "शक्यता जास्त आहे, सर." त्याच्या प्रामाणिकपणाबद्दल मी त्याचा आभारी आहे. खात्री आहे म्हणाला असता तर मी कर्ज काढलं असतं. मी इन्शुरन्सवाल्यालाही फोन करून पाहिला. अपघात नसताना झालेला मशिनरीतला बिघाड पॉलिसीत बसत नाही, हे मला माहीत होतं, पण बुडत्याचा आधार.

इथे माझी एक चूक झाली. कोड पुसायच्या आधी त्याची प्रिंट मागायची राहून गेली. कोडबरोबर बिघाडाच्या क्षणाची नोंद साठलेली असते: आरपीएम किती, लोड किती, मागितलेला दाब किती, मिळालेला किती. तो कागद पुढच्या मिस्त्रीला फार कामाचा असतो. त्यांनी पद्धतीप्रमाणे कोड पुसून गाडी परत दिली.

एक ओळखीचा इलेक्ट्रिशियन म्हणाला, दाब खरा कमी होत नसेल, सेन्सर खोटं बोलत असेल. पटलं. रेल प्रेशर सेन्सर आणि कनेक्टर, ६,८५० रुपये. फरक शून्य. १ आणि २ जानेवारीला हिट अँड रनच्या नव्या कायद्याविरुद्ध ड्रायव्हरांचा संप झाला, पंपांवर रांगा लागल्या, गाड्या जिथल्या तिथे उभ्या राहिल्या. माझी तर आधीपासूनच उभी होती. ते दोन दिवस मला बरे गेले, कारण गाडी का उभी आहे असं कुणी विचारलं नाही.

मामा या सगळ्यात एक उद्योग करत होते. पार्टीने दिलेल्या जुन्या डायरीत प्रत्येक वेळी लिहून ठेवायचे: तारीख, जागा, माल किती, डिझेलचा काटा कुठे, किती वेळ थांबलो. मी सांगितलं म्हणून नव्हे, तर मी रागावून "नेमकं कधी होतं ते तरी सांगा" असं बोललो म्हणून. जानेवारीच्या शेवटी ती डायरी घेऊन आम्ही नाशकातल्या एका डिझेल पंपवाल्याकडे गेलो. पंपवाला म्हणजे पेट्रोल पंप नव्हे, फ्युएल पंप आणि इंजेक्टरचं काम करणारा. त्यांना सगळे चाचा म्हणतात.

चाचांनी गाडीला हात लावायच्या आधी अर्धा तास डायरी वाचली. सात नोंदी होत्या. सातही वेळा माल बारा टनांच्या वर. आणि सातही वेळा डिझेलचा काटा अर्ध्याच्या खाली. मी ती डायरी दहादा पाहिली असेल, मला दिसलं नव्हतं. चाचांनी विचारलं, "फिल्टर बदलल्यावरची ती चांगली फेरी, तेव्हा टाकी किती होती?" मामांना आठवलं: त्या फेरीला पार्टीने ॲडव्हान्स रोख न देता भिवंडी बायपासला टाकी फुल करून दिली होती. म्हणजे फिल्टरने नव्हे, भरलेल्या टाकीने घाट चढवला होता.

आधी त्यांनी इंजेक्टरची रिटर्न टेस्ट केली. प्रत्येक इंजेक्टरच्या परतीच्या नळीखाली बाटली लावून इंजिन चालवायचं आणि कुठल्या बाटलीत किती डिझेल साठतं ते बघायचं. एखाद्याच बाटलीत जास्त आलं तर तो इंजेक्टर गळका. सहाही बाटल्या जवळपास सारख्या भरल्या. एक लाख शहाऐंशी हजारातला मोठा तुकडा तिथेच वजा झाला. (हे घरी करू नका. रेलमध्ये दीड हजार बारच्या वर दाब असतो, चुकीचा नट सैल केला तर डिझेलची धार कातडीतून आत शिरते.)

मग टाकीपासून फिल्टरपर्यंतच्या लाइनमध्ये हातभर पारदर्शक नळी जोडली. बुडबुडे दिसले तर लाइन कुठेतरी हवा घेतेय असं समजायचं. बुडबुडा एकही नाही. चाचा म्हणाले, "हवा घेत नाही. मग घसा आवळतोय कुठेतरी."

त्यांनी जे समजावलं ते असं. आमच्या गाडीत टाकीपासून पहिल्या फिल्टरमधून फीड पंपापर्यंत डिझेल ढकललं जात नाही, ओढलं जातं. शहाळ्यात नळी घालून ओढतो तसं. हळू ओढलं तर पाणी येतं, जोरात ओढलं की मलई नळीच्या तोंडाशी बसते. ओढायचं थांबवलं की मलई आपोआप खाली पडते. रिकामी गाडी हळू ओढते. पंधरा टन घेऊन चढाला लागलेली जोरात ओढते. टाकी खाली गेली की ओढ आणखी वाढते. रेलला डिझेल पुरलं नाही की कॉम्प्युटर इंजिनाची ताकद कापतो, तोच तो पिवळा दिवा. गाडी थांबवली की मलई पडते.

१३ फेब्रुवारीला कळंबोलीहून भरून येताना चाचांनी स्वतःचा पोरगा आमच्याबरोबर पाठवला. फिल्टरच्या आधी तीन तोंडांची टी जोडून व्हॅक्यूम गेज, म्हणजे लाइनमधली ओढ मोजणारा काटा, लावला होता आणि तो आरशाच्या दांड्याला बांधला होता, म्हणजे काचेतून दिसावा आणि डिझेलची नळी केबिनमध्ये येऊ नये. टाकी मुद्दाम अर्ध्याच्या खाली ठेवली. चाचांचा हिशेब असा की पाऱ्याच्या पाच-सहा इंचांच्या आत राहिलं तर ठीक. शहापूरपर्यंत काटा पाच-सहावर. घाट लागला तसा आठ, दहा, बारा. पोरगा मोबाइलवर शूटिंग करत होता. काटा पंधराच्या पुढे गेला आणि पुढच्याच मिनिटाला ओढ गेली, दिवा लागला. तीन महिन्यांत पहिल्यांदा गाडी अडकल्याचा मला आनंद झाला. मामा माझ्याकडे वेड्यासारखं बघत राहिले.

१५ तारखेला टाकीपासूनची लाइन उघडली. मी म्हटलं, लाइनमध्ये हवा मारून झालीये, आडगावच्या मिस्त्रीने मोकळी आहे म्हणून सांगितलंय. चाचांनी विचारलं, "हवा कुठून कुठे मारली?" फिल्टरकडून टाकीकडे. ते हसले. चॅसिसला लागून जाणारा हातभर लांबीचा रबरी होज त्यांनी काढला आणि ब्लेडने उभा चिरला. आतला थर चार बोटं लांब सुटला होता आणि जिभेसारखा लोंबत होता. टाकीकडून ओढ लागली की जीभ उभी राहून वाट बंद करायची. उलट्या बाजूने हवा मारली की आडवी होऊन वाट मोकळी.

तो होज मीच टाकलेला. २०२२ च्या पावसाळ्यात जुना होज घासून फुटला होता, तेव्हा रस्त्यावरच्या दुकानातून १८० रुपयांचा साधा रबरी पाइप घेतला होता. डिझेलचा आहे का, हे विचारलंसुद्धा नव्हतं. साधं रबर डिझेलमध्ये फुगतं आणि आतून सुटत जातं. बाहेरून होज अगदी नवा दिसत होता.

डिझेलसाठीचा होज आणि फिटिंग, १,४५०. गोष्ट इथे संपली असती तर लिहायला सोपी गेली असती. २० तारखेच्या फेरीला घाटात गाडी अडकली नाही, पण गेज नऊवर गेला. मामा म्हणाले, चढली ना, बास झालं. मलाही तेच वाटत होतं, तीन महिने धंद्याचे हाल झाले होते. पण चाचांनी ऐकलं नाही. २२ ला टाकी रिकामी करून उतरवली. आतल्या सक्शन पाइपच्या जाळीवर शेवाळासारखा काळपट चिकट गाळ होता आणि त्यात कुठल्या तरी कॅनच्या तोंडावरच्या चंदेरी पन्नीचा तुकडा. तो कधी आत गेला, देव जाणे. टाकी धुणं २,२००, डिझेलचे दोन्ही फिल्टर पुन्हा ३,४००. गाळ हलल्यावर जुने फिल्टर ठेवून चालत नाही. २७ फेब्रुवारीला सोळा टन चॅनल, टाकी पाव. घाटाच्या माथ्यापर्यंत काटा चारच्या वर गेला नाही.

चाचांनी सगळ्या कामाची मजुरी ५,५०० घेतली. वरचे आकडे जोडले तर २८,९९० होतात. त्यातले कामाचे १२,५५०, बाकीचे अंदाजाचे. गाडी एकूण १७ दिवस उभी राहिली, ते भाडं यात धरलेलं नाही. गॅरेजात जायच्या आधी डायरीचे ते पाच रकाने भरायला सुरुवात करा, आणि होईल तेवढं करून तपासणी भरल्या गाडीवर करायला लावा. मिस्त्री कंटाळा करतात, कारण त्यांना घाटापर्यंत यावं लागतं. त्यांचा दिवस मोडतो, त्याचे पैसे वेगळे द्या.

गेज चाचांना परत द्यायचा होता. मामांनी काढू दिला नाही, शेवटी त्याचे ८०० रुपये वेगळे दिले. तो अजून आरशाच्या दांड्यालाच आहे. इगतपुरीला चहाला थांबलं की दुसरे ड्रायव्हर विचारतात हे कसलं घड्याळ. मामा म्हणतात, "गाडीचं बीपी." परवापासून एबीएसचा, म्हणजे ब्रेकच्या यंत्रणेचा, दिवा लागायला लागलाय, कधी लागतो, कधी विझतो. मामांनी डायरीत नवीन पान काढलंय.